शिरोरेषेच्या तिठ्यावर निऑन

निऑन अक्षरांचं मुखपृष्ठ कसं करायचं, याची कृती आता पोह्यांच्या कृतीइतकी ठरलेली आहे. गडद पार्श्वभूमी घ्या, शक्यतो विटांच्या भिंतीचा फोटो. जाड फॉन्टमध्ये शब्द टाइप करा. आतला रंग काढून टाका, नुसती कडा ठेवा. कडेला गुलाबी किंवा आकाशी रंग द्या. मग लेयरवर 'आउटर ग्लो' लावा, त्याची एक प्रत करून ती धूसर करा, ब्लेंड मोड 'स्क्रीन'वर न्या. दहा मिनिटांत शब्द उजळतो. व्हिडिओत हे करून दाखवणारा माणूस शेवटी तो लेयर दोनदा बंद-चालू करतो, म्हणजे ट्यूब फडफडल्याचा भास होतो आणि आपण खूश होतो.

इंग्रजी शब्दाला ही कृती बऱ्यापैकी मानवते. मराठी शब्दाला तीच लावली की काहीतरी बिनसतं. उजेड पडतो, रंग झगझगीत दिसतात, पण शब्द फुगलेला, सुजलेला वाटतो. नावात 'भ' किंवा 'ध' असेल तर तो दुसऱ्यांदा वाचावा लागतो. दिवाळी अंकांची, कथासंग्रहांची, लिटफेस्टच्या पोस्टरांची अशी बरीच मुखपृष्ठं मी गेल्या काही वर्षांत पाहिली. 'देवनागरी निऑनला शोभत नाही' हे त्यावरचं उत्तर मला पटत नाही. माझ्या मते या मुखपृष्ठांमध्ये निऑनच नसतो, निऑनची झळाळी असते. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे रोमन लिपीत झाकून जातं, देवनागरीत उघडं पडतं.

यंदा मित्रांच्या एका छोट्या अंकासाठी 'रात्र' हा शब्द निऑनमध्ये काढायचं काम माझ्याकडे होतं. त्यानिमित्ताने हा फरक हाताने तपासता आला. पण त्याआधी खऱ्या नळीबद्दल थोडं.

नळी

निऑन हा वायू विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधला. नावाचा अर्थच 'नवा'. १९१० साली जॉर्ज क्लोद या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात या वायूने भरलेल्या नळ्या लावून दाखवल्या आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जगातल्या मोठ्या शहरांची रात्र बदलली. शुद्ध निऑन फक्त नारिंगी-लाल उजेड देतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब लागतो. गुलाबी, हिरवा, पांढरा हे रंग नळीच्या आतल्या लेपातून किंवा रंगीत काचेतून येतात. म्हणजे आपण ज्याला 'निऑन रंग' म्हणतो त्यातल्या बहुतेक रंगांत निऑन नसतोच.

अक्षर कसं बनतं, हे जास्त महत्त्वाचं आहे. कारागिरापुढे उष्णता सोसणाऱ्या कागदावर खऱ्या आकाराचा नकाशा असतो, बऱ्याचदा उलटा, आरशात दिसावा तसा. साधारण ८ ते १५ मिलिमीटर जाडीची काचेची नळी तो ज्योतीवर मऊ करतो, नकाशावर धरून वळवतो आणि वळण चेपू नये म्हणून रबरी नळीतून तोंडाने हवा फुंकत राहतो. काच काही सेकंदच मऊ असते. मग टोकांना इलेक्ट्रोड जोडायचे, आतली हवा काढायची, वायू भरायचा, आणि काही हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडायचा. वीज एका टोकातून शिरते, दुसऱ्या टोकातून बाहेर पडते.

या शेवटच्या वाक्यात निऑन अक्षराचं सगळं व्याकरण आहे. नळीला दोनच टोकं असतात आणि विजेला एकच वाट. नळीला फाटा फुटू शकत नाही. अक्षरात फाटा हवा असेल तर नळी त्या जागेपर्यंत जाऊन परत फिरते, किंवा मागच्या बाजूने वळसा घेऊन येते, किंवा तिथे दुसरी नळी सुरू होते. एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात जाताना मधला तुकडा दिसायला नको असेल तर त्याला काळा रंग फासतात. जवळून पाहिलं तर निऑनच्या पाटीत प्रकाशाइतकाच अंधारही मुद्दाम रंगवलेला असतो. रेषेची जाडी सगळीकडे सारखी, कोपरे गोलाई घेतलेले, टोकं भिंतीकडे मुडपलेली. या अडचणींमधून जे अक्षर तयार होतं त्याला निऑनचं वळण म्हणतात. ते कुणी शैली म्हणून निवडलेलं नव्हतं, काचेने ते भाग पाडलं.

थर

सॉफ्टवेअरमधला निऑन याच्या अगदी उलट्या टोकाने सुरू होतो. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत लेयरला चिकटणारे इफेक्ट आले: सावली, उठाव, आतली आणि बाहेरची झळाळी. त्याआधी हे सगळं चॅनेल आणि ब्लर वापरून हाताने करावं लागायचं. आता अक्षर बदललं तरी झळाळी तशीच राहू लागली. 'रात्र' खोडून 'सकाळ' टाइप करा, तीही त्याच गुलाबी रंगात उजळेल.

सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला यात वावगं काहीच वाटणार नाही. आशय वेगळा, सजावट वेगळी, हे तर आमचं पहिलं सूत्र. वेबपानावर मजकूर एका फायलीत आणि त्याचं रूप दुसऱ्या फायलीत ठेवायला आम्हाला शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण निऑनच्या पाटीत ही फाळणी होऊच शकत नाही. तिथे अक्षराचा आकार म्हणजेच दिवा. 'रात्र'ऐवजी 'सकाळ' हवी असेल तर काच पुन्हा वितळवावी लागेल. इफेक्टने नेमकं हे नातं तोडलं आणि उजेड हा कुठल्याही अक्षरावर शिंपडता येणारा मसाला झाला.

त्यातही तो उजेड नळीचा नसतोच. साफ काचेतली निऑनची नळी डोळ्यांना भरगच्च लाल-नारिंगी दिसते. मधोमध पांढरा गाभा आणि भोवती रंगीत धुकं, हे रूप कॅमेऱ्याचं आहे. फिल्मला किंवा सेन्सरला न पेलणारा उजेड पांढरा होतो आणि भिंगात किंवा फिल्मच्या थरांत पसरून त्याचं वलय बनतं. 'ब्लेड रनर'सारख्या १९८२च्या सिनेमात पाऊस आणि धूर भरून ठेवलेला आहे, म्हणून तिथे रंगीत प्रकाश हवेत तरंगताना दिसतो. ट्युटोरियल नक्कल करतं ती या छायाचित्राची, आणि धूर-पाऊस मात्र विसरतं. त्यामुळे मुखपृष्ठावरची झळाळी कशावरच पडत नाही. खाली चेहरा असेल तर त्याचा गाल गुलाबी होत नाही, भिंत असेल तर तिच्या विटांच्या कडा उजळत नाहीत. शब्द स्टिकरसारखा वर चिकटलेला राहतो.

उजेडाचं गणितही थोडं वेगळं आहे. लांब नळीपासून दूर जाताना प्रकाश हळूहळू ओसरतो. अंतर दुप्पट झालं की ढोबळमानाने निम्मा. गाउसियन ब्लर मात्र काही अंतरानंतर एकदम शून्याला टेकतो. म्हणून एका ब्लरची झळाळी कापसासारखी दिसते. जाणकार लोक तीन-चार ब्लर एकमेकांवर रचतात, प्रत्येकाची त्रिज्या आधीच्याच्या दुप्पट. मग लांब, विरळ शेपूट मिळतं आणि खोली अंधारी असल्याचा भास होतो. मिश्रण 'लिनियर लाइट'मध्ये केलं तर कडांवरची मळकट काळपट छटाही जाते, जिम्पच्या २.१० या आवृत्तीत ती सोय आहे. हे सगळं शिकता येतं. पण याने अक्षराला वळण येत नाही.

तिठा

आता देवनागरी. तिचं आणि नळीचं भांडण कुठे आहे, हे एका शब्दात सांगता येतं: तिठा. जिथे तीन वाटा मिळतात ती जागा. रोमनमध्ये असे सांधे आहेत, पण 'सी', 'ओ', 'एस', 'यू' अशी एका दमात काढता येणारी अक्षरंही भरपूर आहेत आणि जोडअक्षरी हस्ताक्षराची मोठी परंपरा आहे. देवनागरीत जवळपास प्रत्येक अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं, आणि जिथे टांगलंय तिथे तिठा असतो. काना म्हणजे तिठा. 'क'मध्ये तर दांड्याच्या दोन्ही बाजूंना वाटा फुटतात. जी लिपी सांध्यांवर उभी आहे ती फाटा न फुटणाऱ्या नळीत वळवायची, हा डिझाइनचा खराखुरा प्रश्न आहे. इफेक्ट हा प्रश्न सोडवत नाही, तो पडूच देत नाही.

कडा काढून झळाळी लावण्याची कृती घ्या. इलस्ट्रेटर, इंकस्केप किंवा ब्राउझरमध्ये देवनागरी शब्दाला नुसती कडा दिली की दोन अक्षरांच्या मध्ये, शिरोरेषेत, बारीक उभ्या चिरा दिसू लागतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडा चढवतं. भरीव रंगात ते लपतं, कडेत उघडं पडतं. सगळे आकार एकत्र जोडले की चिरा जातात. मग उरते ती एकाऐवजी दोन समांतर शिरोरेषांची लांबलचक पेटी आणि तिला लटकलेले पोकळ फुगे. आता त्यावर झळाळी चढवा. शिरोरेषेच्या दोन कडा एकमेकींत मिसळतात, 'ष' आणि 'थ'च्या पोटातली जागा भरून जाते. सर्वांत वाईट म्हणजे 'भ', 'ध', 'थ' यांच्या डोक्यावरची मोकळी फट बुजते. 'भ' आणि 'म' यांच्यातला, 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक बव्हंशी त्या फटीवर तोललेला आहे. 'भाषा' या नावाचं मासिक निऑनमध्ये 'माषा' होतं, 'धन'चा 'घन' होतो. मुखपृष्ठ आता बहुतेकांना आधी व्हॉट्सअॅपवर अंगठ्याएवढं दिसतं, आणि तिथे ही फट सर्वांत आधी जाते.

हा प्रश्न देवनागरीपुरता नाही. हाँगकाँगच्या रस्त्यांवर निऑनची जी प्रसिद्ध जाळी होती, तीही रोमनची नव्हती. चिनी अक्षरात तिठे तर आहेतच, वर चौकही आहेत. तिथे सुलेखनकार आधी कुंचल्याने अक्षर लिहायचा, मग काच वळवणारा उस्ताद ते नळीत उतरवायचा. जाड फटकाऱ्यासाठी त्याच्या कडेने नळी फिरवली जायची, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांसाठी एक नळी दुसरीच्या पुढून किंवा मागून जायची. आता या पाट्या बांधकाम नियमांखाली मोठ्या प्रमाणावर उतरवल्या गेल्यात आणि त्यांतल्या काही एम प्लस या संग्रहालयाने जपल्या आहेत. त्यांची छायाचित्रं पाहताना माझं लक्ष रंगांपेक्षा या तडजोडींकडे जातं. प्रत्येक पाटीवर कुणीतरी ठरवलेलं असतं की या अक्षरातलं काय राखायचं आणि काय सोडायचं.

'रात्र'

मी 'रात्र' कुठल्याही फॉन्टमध्ये टाइप केली नाही. इंकस्केपमध्ये सारख्या जाडीच्या, गोल टोकांच्या रेषा घेतल्या आणि स्वतःला एकच नियम घातला: कुठेही तीन टोकं एकत्र येणार नाहीत.

'र' सोपा निघाला. तो मुळात एका दमाचा आहे. 'र' आणि '२' यांच्यातलं साम्य शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शिरोरेषेखालून उतरायचं, डावीकडे वळायचं, तिथून परतून उजवीकडे खाली पाय सोडायचा. काना म्हणजे सरळ काठी. अडलं ते 'त्र'पाशी. त्याच्या दांड्याला डावीकडून एक आडवी आणि एक तिरकी रेघ येऊन मिळते. मी या दोन रेघांची एकच नळी केली: आडवी रेघ डावीकडून येते, दांड्याला टेकायच्या आधी थांबते, तिथेच केसाच्या आकड्यासारखी परत फिरते आणि तिरकी खाली जाते. उरलेला दांडा शिरोरेषेने दिला. शिरोरेषा डावीकडून निघते, सगळ्या शब्दावरून जाते आणि उजव्या टोकाला गोल वळून खाली उतरते; तोच 'त्र'चा दांडा. एरवी शिरोरेषा शेवटच्या दांड्याच्या थोडी पुढे जाते, ते टोक इथे सोडावं लागलं. 'र' आणि काना शिरोरेषेला टेकत नाहीत. नळीच्या जाडीइतकी फट राखून खाली उभे राहतात.

शिरोरेषा काढूनच टाकावी, हाही पर्याय होता. पण ती काढली की शब्द गुजरातीकडे झुकतो. ठेवायची, पण सुटी ठेवायची, हे मला जास्त बरोबर वाटलं. चार नळ्यांमध्ये 'रात्र' बसली. झळाळी लावायच्या आधीच, पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेत, ती निऑनसारखी दिसत होती.

हे करताना मोडी आठवणं साहजिक होतं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिच्याखाली धावत जातात. एका अक्षराचं शेपूट पुढच्याची सुरुवात होतं. सुटी शिरोरेषा आणि पळती रेषा हेच तिचं रूप आहे. दप्तरातल्या कारकुनाला वेग हवा होता, काच वळवणाऱ्याला अखंड वाट. दोन वेगळ्या गरजांनी अक्षराला जवळजवळ सारखंच वाकवलं असतं. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून गेली आणि छापखान्याची बाळबोध राहिली, म्हणून सुट्या खिळ्यांच्या अक्षराला आपण मराठीचं एकमेव रूप मानतो. २०१४पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे. मुखपृष्ठावर मोडी लिहा असं मी म्हणत नाही, ती वाचणारे फार थोडे. पण धावत्या रेषेची सवय या भाषेला परकी नाही, एवढं त्यातून दिसतं.

झळाळीशिवाय

रेषा पक्की असेल तर झळाळी किती कमी पुरते, याचं चांगलं उदाहरण 'ड्राइव्ह' हा २०११चा सिनेमा. त्याची श्रेयनामावली सगळ्यांना निऑनसारखी आठवते. प्रत्यक्षात ती रॉजर एक्सकोफोनच्या 'मिस्ट्रल' या १९५३ सालच्या हस्ताक्षरी टाइपात, गडद गुलाबी रंगात आहे. नळी नाही, गाभा नाही. रेषा एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाते आणि बाकीचं लॉस एंजेलिसची रात्र करते. उलट बाजूने 'स्ट्रेंजर थिंग्ज'चं नाव घ्या. तिथे लाल चमकती कडा आहे, म्हणजे आपल्या ट्युटोरियलचीच कृती. पण 'बेंगियाट' हा टाइप ज्या काळातल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून ओळखीचा आहे त्या काळात मालिका घडते. आठवण अक्षरात आधीपासून होती, उजेडाने ती फक्त दाखवली.

मराठीत याचा धडा द्यायला कमल शेडगे पुरेसे आहेत. नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी आयुष्यभर नावं लिहिली, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर, काळ्या शाईत. ग्लो नाही, रंग नाही, कित्येकदा दोन कॉलमांची जागा. तरी नाव वाचताना नाटकाचा स्वभाव कळायचा. २०२० साली ते गेले तेव्हा अनेकांनी हीच गोष्ट लिहिली. अक्षर बदलून अर्थ दाखवणं हे त्यांचं काम होतं. आपल्या निऑन मुखपृष्ठांत अक्षर जागचं हलत नाही, त्याच्याभोवतीची हवा फक्त रंगवली जाते.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. छोट्या अंकाकडे पैसे नसतात. संपादक, मुद्रितशोधक आणि जाहिराती आणणारा बहुधा एकच माणूस असतो. त्याला फुकटचा फॉन्ट आणि फुकटचं ट्युटोरियल मिळालं म्हणून अंक निघाला, तर तक्रार कशाची करायची? खरं आहे. देवनागरीच्या मोफत फॉन्टांनी मोठं काम केलं आहे. 'मुक्त', 'बलू', 'मोदक' यांच्याशिवाय आजची अनेक मुखपृष्ठं झालीच नसती. माझं म्हणणं त्या संपादकाच्या विरोधात नाही. काटकसर करायची तर झळाळीत करावी, अक्षरात करू नये, एवढंच आहे. शिरोरेषा आणि अक्षरं कागदावर पेनाने एका जाडीत काढायला पैसे लागत नाहीत. त्याचा फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये वरून रेषा ओढता येते. ट्युटोरियलपेक्षा तासभर जास्त लागेल.

कागद

शिवाय छपाई. पडदा स्वतः उजळतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. कागदावर सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद. पडद्यावरची ती जांभळट गुलाबी आणि विजेसारखी निळी छटा चार शायांच्या आवाक्याबाहेर असते. सीएमवायकेमध्ये नेली की निळ्याचा जांभळा होतो आणि गुलाबी मंदावते. १९९३ साली सुरू झालेल्या 'वायर्ड'ने यावर पैसे खर्च केले. फ्लुओरेसंट शाया वापरल्या, ज्या न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकतात आणि म्हणून कागदापेक्षाही उजळ भासतात. पण एक जादा शाई म्हणजे एक जादा प्लेट, आणि अशा शाया उन्हात लवकर उडतात.

आम्ही जादा शाई घेतली नाही. त्याऐवजी नळीचा रंग नारिंगी-लाल ठेवला. निऑनचा खरा रंग तोच, आणि पिवळा व मॅजेंटा मिळून चार शायांत तो चांगला भरतो. काळा भरपूर ठेवला. उजेड कागदावर दाखवायचा तर अंधार वाढवावा लागतो. झळाळीचा एकच विरळ थर ठेवला, आणि तो शब्दाभोवती पसरवण्याऐवजी खालच्या चित्रातल्या बंद शटरच्या पन्हाळ्यांवर टाकला. नळ्यांच्या मधले काळे फासलेले जोडही ठेवले. ते जवळून पाहिल्यावरच दिसतात.

कुणाची रात्र

एक प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. गुलाबी-निळी जोडी, ओला रस्ता, विटांची भिंत ही रात्र नेमकी कुठली? लास वेगासची, टोकियोची, हाँगकाँगची, आणि त्यांच्यावरून काढलेल्या सिनेमांची. मराठी अंक जेव्हा 'महानगर' किंवा 'नवी पिढी' असा विषय घेतो आणि मुखपृष्ठावर ही रात्र येते, तेव्हा आधुनिकता ही आयात करायची वस्तू आहे हे आतल्या लेखांच्या आधीच सांगून झालेलं असतं. आत एखादी कथा नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये घडत असते.

आपल्या रात्रीला रंग नाहीत असं नाही. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा राणीच्या हाराचा रंग गेला म्हणून केवढा गदारोळ झाला. प्रकाशाच्या रंगावरून भांडणारं शहर प्रकाशाबाबत बेफिकीर नसतं. मेडिकलच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस, परमिट रूमची लाल पाटी, रसवंतीवरची रंगीत माळ, नवरात्रातल्या मंडपाची कमान, एसटी स्टँडवरच्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा उजेड. पुण्यातल्या कॅफेत भिंतीवर जो 'निऑन' असतो तोही आता बहुधा लवचीक सिलिकॉनमध्ये घातलेली एलईडीची पट्टी असते, आणि त्यावरचं वाक्य इंग्रजीत. त्या पट्टीला कात्रीने कापता येतं, काचेसारखं वितळवावं लागत नाही. तरी तीही एक रेषाच आहे. तीत देवनागरी लिहिणारा पाटीवाला मी आमच्या भागात पाहिला आहे. त्याने 'चहा'ची शिरोरेषा सुटी ठेवली होती आणि 'च'चं पोट एका वळणात घेतलं होतं. त्याला पट्टीने भाग पाडलं होतं.

'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत वर्षातून एकदा मुखपृष्ठ हा घरात येणारा दागिना असतो. दीनानाथ दलालांच्या काळात त्यावर चित्रकाराचा हात असायचा. तो हात परत आणा असं म्हणणं व्यर्थ आहे. माझ्या पिढीच्या हातात माउस आहे आणि त्यानेही रेषा काढता येते. पण रेषा काढावी लागते. कुणी निऑनचं मुखपृष्ठ पाठवलं की मी आता ग्लोचा थर बंद करून उरलेला शब्द बघतो. बऱ्याचदा तिथे एक विकत न घेतलेला फॉन्ट असतो. कधीतरी नळी असते, 'भ'च्या डोक्यावरची फट शाबूत असते, अनुस्वाराचं टिंब कुठून आणायचं यावर कुणीतरी विचार केलेला असतो. असा अंक मी उघडतो, कारण ज्याने टिंबाचा विचार केला त्याने आतली पानंही वाचली असावीत असं मला वाटतं.